शाळा सुटल्यावरचे ताई-दादा: घडण, साधने आणि मानधन

शाळा दुपारी सुटते आणि आईवडील कामावरून संध्याकाळी परततात. मधले दोन-तीन तास मुलांना सांभाळणारी, खेळवणारी, त्यांचा गृहपाठ करून घेणारी केंद्रे जगभर चालतात. अमेरिकेत त्यांना ‘आफ्टर-स्कूल प्रोग्रॅम’ म्हणतात, महाराष्ट्रात बालभवन, अभ्यासिका, संस्कारवर्ग, खेळघर अशी नावे आहेत. ती चालवणारी माणसे मात्र बहुतेक ठिकाणी एकाच प्रकारची असतात. कॉलेजात शिकणारी मुले-मुली, वस्तीतच राहणाऱ्या आणि बारावीपर्यंत शिकलेल्या गृहिणी, निवृत्त शिक्षक, एखादा चित्रकार किंवा कबड्डीपटू. आपल्याकडे मुले त्यांना ताई आणि दादा म्हणतात. शिक्षकाला डी.एड. किंवा बी.एड. लागते, अंगणवाडी सेविकेचे प्रशिक्षण सरकारने ठरवून दिलेले असते. ताई-दादांसाठी बहुतेक देशांत असे काहीच ठरलेले नाही. हजेरीपत्रक, रंगपेटी आणि तीस मुले हवाली केली की नेमणूक पूर्ण झाली असे समजले जाते.

हे काम शिक्षकाच्या कामापेक्षा सोपे आहे, हा समज या दुर्लक्षाच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षात काही बाबतींत ते अवघडच असते. वर्गात एका वयाची मुले असतात, केंद्रात सहा वर्षांचा धाकटा आणि बारा वर्षांची त्याची बहीण एकाच सतरंजीवर बसतात. मुले दिवसभर बसून कंटाळलेली आणि भुकेली येतात. शिक्षकाच्या हाताशी घंटा, पाठ्यपुस्तक आणि परीक्षा असते. ताईकडे यातले काहीही नसते, आणि मन रमले नाही तर मूल उठून सरळ बाहेर जाऊ शकते. बी.एड.च्या अभ्यासक्रमातही या परिस्थितीची फारशी तयारी करून घेतली जात नाही.

ही केंद्रे सुरू झाली ती परोपकारातून. अमेरिकेत १८६० मध्ये कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी पहिला ‘बॉइज क्लब’ निघाला. १८८७ मध्ये स्टॉकहोममध्ये गरीब मुलांना हस्तव्यवसाय शिकवणारी घरे सुरू झाली, तर १८८९ मध्ये जेन अ‍ॅडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी शिकागोत ‘हल हाउस’ उघडले. सुखवस्तू घरांतल्या स्त्रिया तिथे वेळ देत. चांगले मन आणि मोकळा वेळ एवढे भांडवल पुरते अशी समजूत तेव्हा पडली, ती शंभर वर्षे टिकली. बहुतेक ठिकाणी या कामाचा व्यवसाय झाला नाही, त्यामुळे तिथे व्यावसायिक शिक्षणाचा प्रश्नही कोणाला पडला नाही.

प्रश्न पडला तो सरकारी पैसा आल्यावर. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने १९९४ च्या कायद्याने ‘ट्वेन्टी-फर्स्ट सेंच्युरी कम्युनिटी लर्निंग सेंटर्स’ ही योजना आणली. १९९८ मध्ये तिच्यासाठी चार कोटी डॉलर होते, २००२ पर्यंत ही रक्कम शंभर कोटींवर गेली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन ४९’ मंजूर करून शाळेनंतरच्या केंद्रांसाठी राज्याच्या तिजोरीतून कायमची तरतूद करून घेतली. त्या प्रस्तावाचा प्रचार केला होता अभिनेता अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी, ते अजून गव्हर्नर झाले नव्हते. कॅलिफोर्नियात वीस मुलांमागे एक कर्मचारी हवा असा दंडक आहे, आणि त्या कर्मचाऱ्याची किमान पात्रता वर्गातील शिक्षक-मदतनिसाइतकी असावी लागते. पात्रतेचा उंबरठा नियमाने ठरला. त्यापुढे माणूस कसा घडवायचा हे नियमात मावणारे नव्हते.

२००३ मध्ये धक्का बसला. संघराज्य सरकारने मॅथमॅटिका या संशोधन संस्थेकडून करून घेतलेल्या मूल्यमापनाचा पहिला अहवाल आला. त्यात केंद्रात जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या मुलांच्या अभ्यासात लक्षणीय फरक दिसला नाही. बुश प्रशासनाने लगेच योजनेच्या रकमेत सुमारे ४० टक्के कपात सुचवली. काँग्रेसने ती मान्य केली नाही, पण केंद्रे चालवणाऱ्यांना एका प्रश्नाचे उत्तर देणे भाग पडले: एवढा पैसा ओतूनही काही केंद्रांत मुले फुलतात आणि काही केंद्रांत फक्त वेळ काढतात, असे का होते?

त्याचे सर्वात उपयोगी उत्तर जोसेफ डर्लाक आणि रॉजर वाइसबर्ग यांच्या अभ्यासातून मिळाले. मुलांची सामाजिक आणि वैयक्तिक कौशल्ये वाढवण्याचा हेतू असलेल्या शाळोत्तर कार्यक्रमांवरचे ७५ अहवाल त्यांनी एकत्र तपासले. निष्कर्ष २००७ मध्ये आणि नंतर २०१० मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या कार्यक्रमांत चार गोष्टी होत्या तिथे मुलांचा आत्मविश्वास, वागणूक, शाळेविषयीची ओढ आणि परीक्षेतील गुण या सर्वांत सुधारणा होती. ज्यांत त्या नव्हत्या तिथे सरासरी फरक जवळपास नव्हता. पहिली गोष्ट म्हणजे पायरीपायरीने शिकवणे. दुसरी, मुलांनी स्वतः करून पाहणे. तिसरी, त्यासाठी वेळ राखून ठेवणे. चौथी, आज नेमके काय शिकायचे ते उघड सांगणे.

ऐकायला हे किरकोळ वाटते. भांडण सोडवण्याचे उदाहरण घेतले तर फरक लक्षात येतो. बहुतेक ताई भांडण झाले की मध्ये पडतात, दोघांना रागावतात आणि ‘सॉरी म्हण’ यावर प्रकरण मिटवतात. वरच्या चार कसोट्या लावायच्या तर आठवड्यातून एक दिवस पंधरा मिनिटे याच कामासाठी बाजूला ठेवावी लागतात. आज भांडण कसे मिटवायचे ते शिकू, असे ताई सांगते. आधी थांबायचे, मग एकेकाने आपली बाजू सांगायची आणि दुसऱ्याने मध्ये बोलायचे नाही, मग दोघांना चालेल असा तोडगा काढायचा. जोड्या करून मुले खोटेखोटे भांडण लावतात आणि याच क्रमाने ते सोडवतात. पुढच्या आठवड्यात खरे भांडण झाले की त्या पायऱ्यांची आठवण करून देणे पुरते. असा तास घेणे कोणालाही शिकवता येते. त्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही, पण कोणीतरी तो घेऊन दाखवावा मात्र लागतो.

कर्मचाऱ्याला काय काय यायला हवे, याची मांडणी अमेरिकेच्या ‘नॅशनल आफ्टरस्कूल असोसिएशन’ने २०११ मध्ये केली. मुलांची वाढ, वातावरण आणि उपक्रम, निरीक्षण, मुलांशी संवाद, मुलांचा सहभाग, विविध संस्कृतींची जाण, पालक-शाळा-वस्तीशी संबंध, सुरक्षितता आणि आरोग्य, कार्यक्रमाचे नियोजन, स्वतःचा विकास व नेतृत्व अशी दहा क्षेत्रे तिने ठरवली. प्रत्येक क्षेत्रात नवख्यापासून जाणत्यापर्यंत पाच पातळ्या आहेत. अनेक राज्यांनी स्वतःच्या याद्या यावर बेतल्या. यादी म्हणून ती उत्तम आहे. नेमणूक करताना, पगारश्रेणी ठरवताना आणि अभ्यासक्रम बांधताना तिचा उपयोग होतो. यादी वाचून कोणाचा तास मात्र सुधारत नाही.

तास सुधारण्याची खरी पद्धत मिशिगन राज्यात आकाराला आली. इप्सिलँटी येथील हायस्कोप ही संस्था डेव्हिड वायकार्ट यांनी स्थापन केली, १९६२ मध्ये सुरू झालेला पेरी प्रीस्कूलचा प्रसिद्ध प्रयोग त्यांचाच. तिथे केंद्राच्या गुणवत्तेचे निरीक्षण करण्याचे एक साधन तयार झाले. त्याची रचना चार थरांच्या पिरॅमिडसारखी आहे. तळाला सुरक्षित वातावरण, त्यावर आधार देणारे वातावरण, त्यावर परस्परसंवाद आणि टोकाला मुलांचा स्वतःचा सहभाग, म्हणजे योजना करणे, निवड करणे, केलेल्याचा विचार करणे. तळचे दोन थर अनेक केंद्रांत बरे असतात. गाडी अडते ती वर.

पद्धत अशी. केंद्रातलेच दोन-तीन सहकारी एकमेकांच्या तासाला बसतात आणि दिसेल, ऐकू येईल तेवढेच वहीत टिपतात. ‘ताई प्रेमळ आहे’ असे लिहायचे नाही. ‘चार वाजून वीस मिनिटांनी एका मुलाने विचारले, हा कागद उलटा लावला तर? ताई म्हणाली, आधी मी सांगते तसं कर’ असे लिहायचे. नंतर सगळे एकत्र बसून त्या नोंदी एकेका बाबीखाली लावतात आणि १, ३ किंवा ५ असा गुण देतात. एक गुण मिळाला तर चांगली सवय दिसलीच नाही, पाच मिळाले तर ती ठळक दिसली. चर्चेत मतभेद होतात आणि ते व्हावेतच, कारण मोकळा प्रश्न कशाला म्हणायचे हे त्या वादातच कळते. त्यातून पुढच्या तीन महिन्यांसाठी एक-दोन गोष्टी निवडल्या जातात. त्यांवरचे छोटे प्रशिक्षण होते, प्रमुख येऊन तास पाहतो, आणि पुन्हा निरीक्षण होते.

या चक्राची चाचणी पाच जाळ्यांतील ८७ केंद्रांवर घेण्यात आली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. ज्या केंद्रांनी हे चक्र राबवले तिथे कर्मचाऱ्यांच्या कामाची गुणवत्ता वाढली. शिवाय कर्मचारी जास्त काळ टिकले. ही दुसरी गोष्ट व्यवस्थापकांना अधिक मोलाची वाटायला हवी. आपले काम कोणी तरी बघते आहे आणि ते सुधारते आहे, असे जाणवले की माणूस थांबतो.

फुकट साहित्याचीही अमेरिकेत कमतरता नाही. संघराज्य सरकारच्या शिक्षण खात्याने ‘यू फॉर यूथ’ नावाने ऑनलाइन अभ्यासक्रम केले. अनुदानातील पाच टक्क्यांपर्यंतची रक्कम राज्यांना देखरेख, मूल्यमापन आणि प्रशिक्षणावर खर्च करता येते. पण ऑनलाइन धडा एकट्याने पाहून प्रमाणपत्र मिळते आणि दुसऱ्या दिवशीचा तास होता तसाच होतो, ही रड तिकडेही आहे.

स्वीडनने वेगळी वाट धरली. तिथे या केंद्रांसाठी खास शिक्षणक्रम १९६० च्या दशकातच सुरू झाला होता. १९९० च्या दशकात केंद्रे शाळांना जोडली गेली. २०११ पासून शाळोत्तर केंद्राचा शिक्षक होण्यासाठी तीन वर्षांची विद्यापीठीय पदवी आहे, २०१६ मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रमात या केंद्रांसाठी स्वतंत्र भाग घातला गेला, आणि १ जुलै २०१९ पासून अध्यापनाची जबाबदारी घेणाऱ्यास परवाना सक्तीचा झाला. कागदावर यापेक्षा भक्कम व्यवस्था जगात क्वचितच असेल. तरीही तिथल्या केंद्रांतील निम्म्याहून कमी कर्मचाऱ्यांकडे अध्यापनाची पदवी आहे. पदवीधर मिळत नाहीत, मिळाले तर वर्गशिक्षकाच्या नोकरीकडे जातात, आणि मुले तर रोज दुपारी येतच राहतात.

भारतात या प्रश्नावरचे सर्वात सखोल काम मुंबईत जन्मलेल्या एका संस्थेने केले आहे. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या वस्त्यांत ‘प्रथम’चे काम उभे केले. तिची ‘बालसखी’ योजना शाळेच्या वेळातली असली, तरी तिने एक गोष्ट दाखवून दिली. वस्तीतलीच, दहावी-बारावी शिकलेली मुलगी दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणावर आणि वर्षभराच्या आधारावर मागे पडलेल्या मुलांना वाचायला शिकवू शकते. मुंबई आणि वडोदऱ्यात झालेल्या तिच्या मूल्यमापनाचा लेख २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांतील अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात पुढचा प्रयोग झाला आणि तो थेट शाळा सुटल्यानंतरचा होता. ६५ गावांत गावातल्याच तरुणांना काही दिवसांचे प्रशिक्षण देऊन बिनपगारी वाचनवर्ग चालवायला सांगितले. ज्या मुलांना एकही अक्षर येत नव्हते, त्यांतली वर्गाला आलेली मुले वर्षभरात अक्षरे ओळखू लागली. मात्र गावातील सुमारे आठ टक्केच मुले वर्गाला आली. म्हणजे तरुणांची तयारी पुरेशी होती, मुलांना वर्गापर्यंत आणणे हे स्वतंत्र काम होते. ते काम प्रशिक्षणात धरलेले नसते, आणि आपल्याकडच्या बहुतेक संस्थांनाही ते उशिरा उमगते.

बिहारमधला प्रयोग सर्वात बोलका आहे. २००८ पासून दोन वर्षे काही शाळांना नुसते साहित्य दिले गेले, काहींना साहित्य आणि शिक्षकांचे प्रशिक्षण, काहींना त्याखेरीज गावातील स्वयंसेवक. नुसत्या साहित्याने काही साधले नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणानेही शाळेच्या वेळात फरक पडला नाही. स्वयंसेवक जिथे शाळेच्या वेळेबाहेर वर्ग घेत होते तिथे मुले पुढे गेली. याच राज्यातील शिक्षकांनी उन्हाळी वर्गात त्याच पद्धतीने शिकवले तेव्हा मुलांची प्रगती झाली होती. प्रशिक्षण वाईट नव्हते, शिक्षकही कच्चे नव्हते. पोर्शन पूर्ण करण्याच्या घाईत नव्या पद्धतीला जागाच नव्हती. शाळेनंतरच्या तासांचे मोल या एका निष्कर्षाने जितके सिद्ध होते तितके दुसऱ्या कशानेही होत नाही.

‘प्रथम’चे प्रशिक्षण थोडक्या दिवसांत का भागते, हे तिच्या साधनाकडे पाहिल्यावर समजते. एका कागदावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. ताई मुलाला शेजारी बसवून आधी उतारा वाचायला देते. तो जमला तर गोष्ट, अडखळला तर शब्द, तेही नाही जमले तर अक्षरे. पाचांपैकी चार अक्षरे ओळखली तर मूल अक्षराच्या पातळीवर. काही मिनिटांत गट कळतो, आणि उद्या कोणत्या गटाला बाराखडीचा तक्ता द्यायचा व कोणाला गोष्टीचे पुस्तक, हे ठरते. साधन, निदान आणि कृती एकाच धाग्यात आल्यामुळे प्रशिक्षणात सांगायचे थोडे आणि करून पाहायचे जास्त असते. या पद्धतीतला आणखी एक दंडक अनुकरणीय आहे. इतरांना प्रशिक्षण देणाऱ्याने आधी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांना त्याच पद्धतीने शिकवलेले असले पाहिजे. सुट्टीच्या दिवशी हॉल भाड्याने घेऊन पाहुण्या वक्त्याचे व्याख्यान ठेवणाऱ्या संस्थांनी हा दंडक लावला, तर बरीच व्याख्याने आपोआप रद्द होतील.

महाराष्ट्रात अनुभवाचा साठा मोठा आहे, पण तो विखुरलेला आहे. रजनी परांजपे आणि बीना शेठ-लष्करी यांनी १९८८ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘डोअर स्टेप स्कूल’ने वस्तीत अभ्यासवर्ग चालवले. पुण्यात शोभा भागवत यांनी गरवारे बालभवनाला आकार दिला, तर पालकनीती परिवाराच्या ‘खेळघरा’ने कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीतील मुलांसोबत वर्षानुवर्षे काम केले. या कामांतून तयार झालेल्या कार्यकर्त्यांची रोजची टिपणे, फसलेल्या उपक्रमांच्या नोंदी आणि साप्ताहिक बैठकांतील चर्चा हा खरा अभ्यासक्रम आहे. तो एका संस्थेतून दुसरीत फारसा पोचत नाही. नवी संस्था प्रत्येक चूक नव्याने करते.

साहित्य मात्र आज मराठीतही भरपूर आणि फुकट मिळते. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर काड्यापेटी, स्ट्रॉ, जुनी वर्तमानपत्रे यांपासून खेळणी करण्याच्या चित्रफिती आणि मराठी पुस्तके आहेत. पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी वाचता येतात आणि छापून वाटताही येतात, कारण त्यांचा परवाना खुला आहे. साहित्य निवडताना एकच कसोटी पुरे. आदल्या संध्याकाळी ताईला ते स्वतः करून पाहता आले पाहिजे. महागडा विज्ञान संच कपाटात कुलूपबंद राहतो, कारण काही हरवले तर भरून कोण देणार ही भीती असते.

प्रशिक्षणाचा एक भाग मात्र ऐच्छिक ठेवून चालत नाही. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१२ चा ‘पॉक्सो’ कायदा सर्वांना लागू आहे. गुन्हा घडल्याचे कळले किंवा तशी शक्यता वाटली, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा पोलिसांना कळवणे त्यातील कलम १९ नुसार बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा स्वतः गुन्हा आहे. मूल विश्वासाने काही सांगू लागले तर उलटतपासणी न घेता ऐकायचे, गुप्त ठेवण्याचे वचन द्यायचे नाही, आणि प्रमुखाला त्याच दिवशी सांगायचे, हे प्रत्येक ताई-दादाला कामाच्या पहिल्या आठवड्यात माहीत हवे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक भिंतीवर हवा. प्रथमोपचार, मुलांना घरी सोपवण्याची पद्धत आणि नेमणुकीपूर्वीची पोलीस पडताळणी हेही याच खात्यात जमा होते.

उरतो पैशाचा आणि वेळेचा भाग, आणि बहुतेक योजना इथेच ढासळतात. कॉलेजात शिकणारा दादा पदवी मिळाली की जातो, ताईला पूर्ण वेळाची नोकरी मिळाली की तीही जाते, आणि त्यांच्यावर केलेला प्रशिक्षणाचा खर्च त्यांच्याबरोबर जातो. जाणे पूर्ण थांबवता येत नाही. जाणाऱ्याने नव्याला दोन आठवडे सोबत घेऊन काम दाखवायचे, केंद्रात किमान एक अनुभवी माणूस पूर्ण वेळ ठेवायचा, उपक्रमांची वही केंद्राच्या मालकीची असायची, एवढे केले तरी तोटा बराच कमी होतो. देणगीदारांकडे जाणाऱ्या अंदाजपत्रकात ‘प्रशिक्षण’ या मथळ्याखाली हॉल, जेवण आणि झेरॉक्स दिसते. तास सुरू होण्याआधीची तयारी, तास संपल्यावरच्या नोंदी आणि सहकाऱ्याचा तास पाहायला लागणारा वेळ कुठेच मांडलेला नसतो, कारण तो ताईने आपल्या हौसेने द्यायचा असे गृहीत धरलेले असते. संस्थांनी आणि देणगीदारांनी हा वेळ मानधनात मोजायला सुरुवात करावी. केंद्र तीन तास चालत असेल तर पैसे निदान चार तासांचे द्यावेत.